छावणी उठल्यावर आलेली गाडी

रेल्वेचा इतिहास सांगताना आपली लेखणी बहुधा १८५३ च्या बोरीबंदर–ठाणे प्रवासावर आणि बोरघाटावर रेंगाळते. मराठवाड्याच्या कोरडवाहू मुलखातील पूर्णा–हिंगोली या साध्या फाट्याकडे सहसा कोणी वळत नाही.

हैदराबाद–गोदावरी खोरे रेल्वे १९०० च्या सुमारास मनमाडहून जालना, परभणी, नांदेड या मार्गाने सिकंदराबादेस पोहोचली. तिच्यावरील पूर्णा स्थानकातून वसमतमार्गे निघालेला सुमारे ८० किलोमीटरचा फाटा १९१२ मध्ये हिंगोलीस आला. नवल असे की, हैदराबाद कंटिंजंटची तेथील जुनी छावणी १९०३ मध्येच उठली होती. लष्कर गेले आणि मग गाडी आली! तिच्या वाट्याला तोफांऐवजी कापसाच्या गाठी आल्या.

मार्ग मीटरगेजचा होता. दोन रुळांत १,००० मिलिमीटर अंतर. ब्रॉडगेजमध्ये हेच अंतर १,६७६ मिलिमीटर असते. अरुंद मार्गाला भराव कमी लागतो, पूल हलके चालतात, वळणे अधिक तीव्र घेता येतात. साहजिकच खर्च वाचतो. परंतु हा वाचलेला पैसा अखेर वसूल कोणाकडून झाला? मुंबईकडे निघालेली गाठ मनमाडला एका वाघिणीतून उतरवून दुसरीत चढवावी लागे. कागदावरची काटकसर हमालांच्या पाठीवर पडली, असेच मला म्हणावेसे वाटते.

जवळजवळ अर्धशतक हिंगोली हे शेवटचे स्थानक राहिले. पलीकडचे वाशीम, अकोला म्हणजे वऱ्हाड. १९०३ पासून ते मध्य प्रांताला जोडलेले. इकडे निझामाचे राज्य, तिकडे इंग्रजांचा अंमल. शेत एकाच मातीचे, पण रूळ मात्र सरहद्दीपाशी थबकलेला. संस्थान विलीन झाल्यानंतर १९६० च्या सुमारास तो अकोल्यावरून खांडव्याला भिडला. सातपुडा चढताना धुळघाटाजवळ अभियंत्यांनी मार्गाला असे वेटोळे दिले की, उंची गाठून गाडी आपल्याच रुळांवरून पार होई. या दुव्यामुळे राजस्थानपासून दक्षिणेपर्यंत मीटरगेजची सलग साखळी तयार झाली. जयपूर–पूर्णा ‘मीनाक्षी एक्स्प्रेस’ याच वाटेने धावे.

१९९९ मध्ये परभणीतून हिंगोली जिल्हा वेगळा झाला आणि २००८ मध्ये पूर्णा–अकोला मार्ग ब्रॉडगेज झाला. पुढे मेळघाटच्या व्याघ्र प्रकल्पातून रुंद रूळ नेण्यास आक्षेप निघाला, आणि मार्ग अरण्याबाहेरून वळवण्याचे ठरले. हिंगोलीचा माल मात्र आता वाघीण न बदलता थेट मुंबईस जाऊ शकतो.