दोन नावांच्या मधली तिरकी रेघ

गेले दोन-तीन शनिवार-रविवार मी एक छोटासा म्युझिक प्लेअर लिहितोय. जगात प्लेअर कमी आहेत म्हणून नाही, आपली हौस. परवा आईने त्यात 'सुधा मल्होत्रा' असं शोधलं. उत्तर आलं, एकही गाणं नाही! 'शुक्रतारा' तर डिस्कवर होतं, वाजतही होतं. पण गायक म्हणून दिसत होते एकटे अरुण दाते.

"अरे, दोघांचं गाणं आहे ते. ती कुठे गेली?" आई म्हणाली.

तिला शोधता शोधता एमपी३ टॅगचा बराच इतिहास वाचून झाला. मजेशीर आहे, म्हणून इथे लिहून ठेवतोय.

तर मुळात एमपी३ फाइलमध्ये गाण्याचं नाव, गायकाचं नाव यांना जागाच नव्हती. १९९६ साली एरिक केम्प यांनी एक साधी युक्ती काढली. फाइलच्या अगदी शेवटी १२८ बाइट चिकटवायचे. शेवटी अशासाठी, की जुन्या प्लेअरला ते कळले नाहीत तरी तोवर गाणं वाजून झालेलं असतं. या टॅगचं नाव आयडी३. खुणेचे ३ बाइट, मग गाण्याचं नाव ३०, गायक ३०, अल्बम ३०, वर्ष ४, शेरा ३० आणि संगीतप्रकाराचा १. पुढच्याच वर्षी मायकेल मुचलर यांनी शेऱ्यातले शेवटचे दोन बाइट काढून घेतले आणि तिथे गाण्याचा क्रमांक बसवला.

सगळे रकाने मोजून घेतलेले, त्यामुळे दोन रकान्यांच्या मध्ये कुठलंही चिन्ह लागत नव्हतं. पण मोजलेल्या रकान्याची अडचण वेगळी. यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचं प्रत्येक अक्षरचिन्ह ३ बाइट घेतं, काना-मात्रा-अनुस्वारसुद्धा वेगळे मोजायचे. 'लता मंगेशकर' लिहून बघा: दहा चिन्हांचे ३० आणि मधल्या मोकळ्या जागेचा १, एकूण ३१. म्हणजे बाईंच्या नावातला शेवटचा 'र' तुटलाच! शिवाय गीतकार आणि संगीतकार यांना रकानाच नाही. रेडिओवर गाण्याआधी तिघांचीही नावं ऐकत वाढलेल्या माणसाला हे फारच खटकतं.

१९९८ साली मार्टिन निल्सन आणि मंडळींनी आयडी३ची दुसरी आवृत्ती आणली. हा टॅग फाइलच्या सुरुवातीला बसतो. प्रत्येक तुकडा आधी स्वतःचं नाव आणि लांबी सांगतो, मग मजकूर येतो. ३० बाइटांची कटकट संपली. संगीतकाराला आणि गीतकारालाही स्वतंत्र जागा मिळाली. पण एका गाण्याला दोन गायक असले तर? १९९९ च्या २.३ आवृत्तीत नियम असा, की दोन नावांच्या मध्ये तिरकी रेघ द्यायची.

आणि १९७३ पासून ऑस्ट्रेलियात एक रॉक बँड होता, त्याचं नाव एसी/डीसी. नियम काटेकोर पाळणाऱ्या प्रोग्रॅमने त्यांचे दोन कलाकार केले, एक 'एसी' आणि दुसरा 'डीसी'.

बरं, रेघेऐवजी दुसरं काही घ्यावं तर तिथेही कुणीतरी बसलेलंच असतं. स्वल्पविराम घेतला की 'अर्थ, विंड अँड फायर' फुटतो. जोडरेघ घेतली की आपल्याकडचे शंकर-जयकिशन वेगळे होतात. म्हणजे विभाजक निवडणं ही नुसती तांत्रिक बाब नाही. 'हे चिन्ह कुणाच्याही नावात असणार नाही' असं आपण परस्पर ठरवून टाकतो, ज्यांची नावं आहेत त्यांना न विचारता.

२००० च्या नोव्हेंबरात आलेल्या २.४ आवृत्तीने हे सुधारलं. दोन नावांच्या मध्ये शून्य बाइट. कागदावर लिहिता न येणारं चिन्ह, तेव्हा ते कुणाच्या नावात असायची भीतीच नाही. झकास! पण २.३ चा एक नियम होता, की मजकुरात शून्य आलं तर पुढचं सगळं दुर्लक्षित करायचं. आणि सी भाषेत तर शून्य म्हणजे मजकूर संपला. जुन्या सवयीचा प्रोग्रॅम नवा टॅग वाचताना पहिलं नाव घेतो आणि थांबतो. कुठलाही एरर नाही, काही नाही.

माझंही हेच झालं होतं. टॅग अगदी बरोबर होता: अरुण दाते, शून्य, सुधा मल्होत्रा. माझा कोड शून्यापाशी थांबला. एसी/डीसीचे दोन झाले तर निदान कुणीतरी हसतं, तक्रार करतं. दुसरं नाव गळलं तर कळणार कुणाला? ते गाणं दोघांचं आहे हे ज्याला माहीत आहे, त्यालाच.

मला यातला सगळ्यात पटलेला उपाय ऑग व्हॉर्बिसवाल्यांचा. त्यांच्या टॅगमध्ये दोन गायक असतील तर गायकाचा रकानाच दोनदा लिहायचा. विभाजक आहे, पण तो रकान्याचं नाव आणि त्यातला मजकूर यांच्यामध्ये, बरोबरचं चिन्ह. ते चिन्ह रकान्याच्या नावात चालत नाही, मजकुरात खुशाल चालतं. म्हणजे बंधन प्रोग्रॅमरवर, गायकावर नाही. असंच असायला हवं ना?

शेवटी मी काय केलं? २.४ च्या टॅगमध्ये लांबी संपेपर्यंत वाचतो आणि फक्त शून्यावर तोडतो. २.३ मध्ये तिरकी रेघ दिसली तर आपणहून तोडत नाही, वापरणाऱ्याला विचारतो. दहा-बारा ओळींचा बदल. काल आईने पुन्हा सुधा मल्होत्रा शोधली, 'शुक्रतारा' आलं. तिने ते लावलं आणि लगेच पुढचा प्रश्न टाकला, "यात पाडगांवकर आणि खळे कुठे दिसत नाहीत?"

पुढच्या शनिवारचं काम ठरलं!