क्वीक्रीकचे दोन नकाशे

माझी सरकारी नोकरीतील बरीच वर्षे जमिनीच्या मोजणीचे नकाशे चाळण्यात गेली. बांधावरून भांडणारे दोन भाऊ समोर उभे राहिले, की जुन्या नकाशातील एका रेघेचे मोल कळते. जमिनीवर रेघ चुकली तर दावा उभा राहतो. जमिनीखाली चुकली तर माणसे बुडतात.

अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया राज्यात क्वीक्रीक नावाची कोळशाची खाण होती. तिच्या शेजारी सॅक्समन ही खाण कित्येक दशके बंद पडलेली आणि पाण्याने भरलेली. हाताशी असलेल्या नकाशाप्रमाणे ती सुमारे ३०० फूट दूर होती. २४ जुलै २००२ च्या रात्री यंत्राने कोळशाची भिंत कापली आणि पलीकडून पाण्याचा लोंढा आला. तेथल्या टोळीने फोनवरून दुसऱ्या टोळीला सावध केले, म्हणून तिचे नऊ जण निसटले. सावध करणारे नऊ मात्र आतच अडकले.

त्यांना तारले तेही एका नकाशानेच. क्वीक्रीकचा स्वतःचा नकाशा बिनचूक होता. त्यावरून आणि उपग्रहाच्या साह्याने वर शेतात एक जागा नक्की करण्यात आली. तेथून पाडलेले साडेसहा इंची छिद्र सुमारे २४० फूट खाली नेमके त्या माणसांजवळ उतरले. छिद्रातून दाबाने हवा सोडली. खालून नळीवर ठोके ऐकू आले. पुढे मोठे विवर खोदताना यंत्राचे पाते तुटले, बहुमोल तास गेले. अखेर २८ जुलैच्या पहाटे एका अरुंद लोखंडी पिंजऱ्यातून नऊही जण जिवंत वर आले.

सॅक्समनचा अखेरचा नकाशा नंतर मिळाला, तो एका वस्तुसंग्रहालयात! कागद होता, ज्याला हवा त्याच्यापाशी नव्हता. आपल्या घराण्यांतील रुमालात बांधलेली मोडी दफ्तरे ज्यांनी पाहिली आहेत, त्यांना याचे नवल वाटणार नाही. बंद होणाऱ्या खाणीचे नकाशे सरकारात जमा करावेत, असा कायदा ब्रिटनने १८७२ मध्येच केला होता. पण बंद पडण्याआधीच्या शेवटच्या महिन्यांत जो कोळसा घाईने काढला जातो, त्याची मोजणी कोण करणार?

आपल्याकडे धनबादजवळच्या चासनाला येथे २७ डिसेंबर १९७५ रोजी असेच साठलेले पाणी खाली कोसळले. पावणेचारशेच्या आसपास माणसे गेली. 'काला पत्थर' चित्रपटामुळे ती घटना अनेकांना ठाऊक आहे.

क्वीक्रीकनंतर पेनसिल्व्हेनियात जुने नकाशे गोळा करून, त्यांच्या प्रतिमा घेऊन, ते आजच्या अक्षांश-रेखांशांवर बसवण्याचे काम जोराने सुरू झाले. आता संगणकाच्या पडद्यावर जुनी व नवी खोदाई त्रिमितीत शेजारी शेजारी दिसू शकते. लेसर किरणांनी भुयाराची मोजणी होते, आणि नवशिका कामगार डोळ्यांवर चष्मा चढवून खाणीत न उतरताच ती फिरून पाहतो. मला याचे कौतुक आहे. तरीही पडद्यावरच्या रंगीत भिंतीकडे पाहताना माझी जुनी सवय सुटत नाही. ही रेघ कोणी, केव्हा आणि कशावरून काढली, हेच मी आधी विचारीन. खाणीतले अनुभवी लोकही तेच करतात. जुन्या पाण्याची शंका असलेल्या बाजूला यंत्र नेण्यापूर्वी ते लांब छिद्रे पाडतात आणि ओल येते का ते पाहतात.