कोलोनोस्कोपीआधीची सफाई : औषध, वेळ आणि सोलापूर

आतड्यात मळ उरला असेल, तर दुर्बीण फिरवणाऱ्याचा हात कितीही सराईत असो, काही मिलिमीटरचा चपटा कोंब (पॉलिप) नजरेतून निसटतो. त्यामुळे सफाईच्या पद्धतींची तुलना करताना जुलाब किती झाले, हे माप उपयोगाचं नाही. त्यासाठी बोस्टन श्रेणी वापरतात. मोठ्या आतड्याचे उजवा, मधला आणि डावा असे तीन भाग धरून प्रत्येकाला ० ते ३ गुण द्यायचे. एकूण ६ किंवा अधिक आणि कुठल्याच भागाला २ पेक्षा कमी नाही, तर सफाई पुरेशी. दोन भागांना ३-३ आणि तिसऱ्याला शून्य मिळालं तरी बेरीज ६ होते, पण तपासणी अपुरीच.

आज सगळ्यात भरवशाचं औषध पॉलिएथिलीन ग्लायकॉल. ते शोषलं जात नाही. सोबतच्या क्षारांचं प्रमाण असं बांधलेलं असतं, की शरीरातलं पाणी फारसं आतड्यात ओढलं जात नाही आणि बाहेरचं शरीरात शिरत नाही. प्यायलेलं द्रावणच आतडं धूत बाहेर पडतं. अमेरिकेत फोर्डट्रान आणि सहकाऱ्यांनी १९८० मध्ये हे मांडलं, तेव्हा रुग्णाला ४ लिटर प्यावं लागे. आपल्याकडे औषधाच्या दुकानात मिळणारी 'पेगलेक'ची १३७.१५ ग्रॅमची पुडी २ लिटर पाण्यात विरघळवतात. हिशेब मांडला तर द्रावणाची तीव्रता मूळ पाककृतीइतकीच येते. प्रमाण तेवढं निम्मं. ही कसर भरून काढायला अनेक डॉक्टर आदल्या दिवशी बिसाकोडिल या रेचकाच्या गोळ्या जोडतात. चव खारट, बुळबुळीत. गार करून, दहा-पंधरा मिनिटांनी एकेक पेला घेतला तर उतरतं. घटाघट प्यायलं की उलटी ठरलेली.

सोडियम पिकोसल्फेट आणि मॅग्नेशियम सायट्रेट ही जोडी प्यायला सोपी. पिकोसल्फेटला मोठ्या आतड्यातले जिवाणू कार्यक्षम करतात, मॅग्नेशियम पाणी ओढतं. मात्र औषध थोडं म्हणून पाणीही थोडं चालेल, हा समज घातक. वरून भरपूर द्रव प्यावाच लागतो. मूत्रपिंड कमजोर असेल तर मॅग्नेशियम साठतं आणि वृद्धांच्या रक्तातलं सोडियम घसरू शकतं.

सोडियम फॉस्फेटची ४५ मिलिलिटरची मात्रा रुग्णांना आवडते, कारण ती दोन घोटांत संपते. पण ती शरीरातलं पाणी आतड्यात खेचते आणि काहींच्या मूत्रपिंडाच्या नलिकांमध्ये कॅल्शियम फॉस्फेटचे कण साचून कायमची इजा होते. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने डिसेंबर २००८ मध्ये याबद्दल कडक इशारा दिला. शरीर सुकलेलं असणं, वय जास्त असणं, रक्तदाबाच्या काही गोळ्या चालू असणं, हे सगळे धोका वाढवणारे घटक. एप्रिल-मेमध्ये सोलापूरचा पारा बेचाळीसच्या वर जातो. यंत्रमागाच्या शेडमधून घामाघूम होऊन आलेल्या साठीच्या माणसाला हे औषध देणं मला तरी पटत नाही.

मॅनिटॉलचा जमाना ओसरला, हे बरंच झालं. जिवाणू ही साखर आंबवून हायड्रोजन तयार करतात. १९७९ मध्ये फ्रान्समध्ये विजेच्या तारेने कोंब काढताना आतड्यात स्फोट होऊन रुग्ण दगावल्याची नोंद आहे. एरंडेलाने कोठा हलका होतो, पण दुर्बिणीला लागते तेवढी सफाई त्याच्या भरवशावर सोडता येत नाही. नुसता एनिमा फक्त शेवटचा भाग धुतो.

आता मुख्य मुद्दा. यातलं कुठलंही चांगलं औषध सगळं आदल्या संध्याकाळी संपवलं, तर रात्रभरात लहान आतड्यातून पित्तमिश्रित चिकट रस खाली येतो आणि उजव्या बाजूच्या भिंतीवर लेप धरतो. चपटे कोंब नेमके तिथेच जास्त सापडतात. म्हणून अर्धी मात्रा आदल्या संध्याकाळी आणि अर्धी तपासणीच्या दिवशी. दुसरी मात्रा तपासणीआधी ४ ते ६ तासांत सुरू करून निदान २ तास आधी संपवायची. औषधा-औषधांतल्या फरकापेक्षा या विभागणीने पडणारा फरक मोठा आहे, असं माझं मत.

आहाराचं पथ्य सोलापुरात जरा अवघडच. ज्वारीची भाकरी, शेंगाचटणी, डाळिंब ही इथली रोजची खाणी, आणि तिन्ही आदल्या दिवशी वर्ज्य. शेंगदाण्याचा चुरा आणि डाळिंबाचे दाणे दुर्बिणीच्या शोषनलिकेत अडकतात. 'उपाशी राहा' म्हटलं की पंढरपूरकडची माणसं साबुदाण्याची खिचडी करतात. साबुदाण्याचं फारसं बिघडत नाही, त्यातल्या कुटाचं बिघडतं. आदल्या दिवशी सकाळी हलकं म्हणून मऊ भात चालतो. नंतर गाळलेलं लिंबू सरबत, बिनदुधाचा चहा, शहाळं. मूत्रपिंडाच्या रुग्णांनी मात्र शहाळं विचारूनच घ्यावं. कोकम सरबत नको, लाल रंग रक्तासारखा भासतो. लोहाच्या गोळ्या आठवडाभर आधी थांबवाव्यात, मळ काळा आणि चिकट होतो. मधुमेहाची आणि रक्त पातळ करणारी औषधं डॉक्टरांना विचारल्याशिवाय थांबवूही नयेत, चालूही ठेवू नयेत.

काही दिवसांआड नळाला पाणी येणाऱ्या शहरात प्यायचे दोन लिटर जारमधून भागतात. अडचण संडासच्या पाण्याची. सामाईक संडास असलेल्या चाळीतल्या तेलुगूभाषक विडी कामगार बाईला रात्री दहा वेळा बाहेर धावायला लावण्याआधी हे विचारायलाच हवं. तिच्या हातात दिलेला सूचनेचा कागद तेलुगूत हवा, अक्कलकोटकडच्या रुग्णाचा कन्नडमध्ये.

मंगळवेढ्याहून एसटीने येणाऱ्याला सकाळी आठची वेळ दिली, तर दुसरी मात्रा त्याने पहाटे प्यावी आणि जुलाब सुरू असताना बसमध्ये बसावं, असा अर्थ होतो. तो साहजिकच ती टाळतो आणि तपासणी पुन्हा करावी लागते. त्याला दुपारी दोनची वेळ द्यावी, किंवा आदल्या रात्री सोलापुरात नातेवाइकांकडे मुक्काम करायला सांगावं. दोनची वेळ असेल तर सकाळी आठला दुसरी मात्रा सुरू करून अकरापर्यंत संपवता येते, आणि संडासातून आरपार दिसणारं पिवळसर पाणी येऊ लागलं की निघता येतं.