क्षणाचा राग आणि दहा वर्षांचा राग

माणसाने माणूस मारला, एवढ्याने खून सिद्ध होत नाही. कायदा आणखी एक प्रश्न विचारतो: मारणाऱ्याच्या मनात त्या वेळी काय होते? ह्या प्रश्नाच्या उत्तरावर कुणी फासावर चढले, कुणी जन्मठेप भोगली, तर कुणी तीन-चार वर्षांत सुटून घरी आले. घरच्या कलहातून घडलेल्या वधाच्या बाबतीत तर हा प्रश्न फारच बिकट होतो. कारण घरातला राग बहुधा एका दिवसाचा नसतो. आम्ही वकील नव्हे. आमचे शिक्षण कारखान्याच्या दारात आणि वाचनालयाच्या बाकावर झाले. तथापि शिक्षा कशी मोजली जाते, हे समजून घेण्याचा अधिकार प्रत्येक नागरिकाला आहे, ह्या श्रद्धेने हा विषय आम्ही श्रोत्यांपुढे मांडीत आहो.

प्रथम इंग्लंडच्या कायद्याची रचना पाहू. तेथे खुनाला शिक्षा एकच. पूर्वी फाशी, १९६५ नंतर जन्मठेप. न्यायाधीशाला तीत फेरबदल करता येत नाही. परंतु तोच वध सदोष मनुष्यवध ठरला, तर जन्मठेपेपासून नाममात्र शिक्षेपर्यंत वाटेल ती शिक्षा न्यायाधीश देऊ शकतो. ह्या दोन खोल्यांमध्ये जे दार होते, त्याचे नाव प्रक्षोभ. समोरच्याने असे काही केले की माणसाचा तोल गेला, हे पटले तर ते दार उघडे.

दार किती उघडायचे, हे १९४९ साली डफी खटल्यात न्यायमूर्ती डेव्हलिन ह्यांनी सांगितले: तोल 'अचानक आणि तात्पुरता' गेलेला असला पाहिजे. मध्ये विचार करायला वेळ मिळाला असेल, तर तो सूड झाला. ऐकायला हे रास्त वाटते. परंतु आरोपी कोण होती? नवऱ्याच्या हातचा छळ सोसलेली एक स्त्री. मार खाणाऱ्या बाईच्याच खटल्यात असा नियम ठरला की, ज्यात मार खाण्याच्या वर्षांना जवळजवळ किंमतच नव्हती.

हीच फूटपट्टी पुढे आपल्या मुंबईच्या एका खटल्याला लागली. २७ एप्रिल १९५९ रोजी कमांडर नानावटी ह्यांनी पत्नीच्या प्रियकरावर गोळ्या झाडल्या. भारतीय दंडविधानाच्या ३००व्या कलमातही 'गंभीर व आकस्मिक प्रक्षोभ' हा अपवाद होता. पण पत्नीची कबुली ऐकल्यावर कमांडरसाहेबांनी तिला व मुलांना सिनेमाला पोचवले, बोटीवर जाऊन रिव्हॉल्व्हर घेतले आणि मग ते त्या घरी गेले. दीड वाजता घर सोडले, चार वाजून वीस मिनिटांनी गोळी सुटली. सुप्रीम कोर्टाने १९६१ साली डफीचा दाखला घेऊन म्हटले की, राग निवायला हा वेळ पुरेसा होता. आणि जन्मठेप कायम केली. पुढे १९६४ साली राज्यपालांनी त्यांना माफी दिली. म्हणजे कोर्टाचे दार बंद झाले, तेव्हा ह्या गृहस्थांना दुसरे दार सापडले. ते दार सर्वांनाच सापडत नाही.

किरणजीत अहलुवालिया ही पंजाबात जन्मलेली, कायदा शिकलेली मुलगी. १९७९ साली लग्न झाले आणि ती इंग्लंडला गेली. तेथे दहा वर्षे नवऱ्याचा मार खाल्ला. ९ मे १९८९ च्या रात्री त्याने तिच्या तोंडाला तापलेली इस्त्री लावली. तो झोपल्यावर तिने त्याच्या बिछान्याला आग लावली. काही दिवसांनी तो मेला. डिसेंबर १९८९ मध्ये लुइसच्या कोर्टाने तिला खुनी ठरवले व जन्मठेप दिली. तो झोपेपर्यंत ती थांबली, हेच तिच्याविरुद्धचे मोठे प्रमाण!

आता आमच्या अनुभवातली एक गोष्ट सांगू. कामगाराने मुकादमावर हात उचलला की चार्जशीट मिळते. तीत तारीख, वेळ, साक्षीदार सर्व काही असते. आधीच्या पाच वर्षांच्या शिव्या मात्र नसतात. चौकशी अधिकारी म्हणतो, 'त्या दिवसाचेच बोला.' ह्या 'त्या दिवसाचेच बोला' मध्ये अर्धा अन्याय असतो. दुबळा माणूस तत्क्षणी उलटून मारू शकत नाही. तत्क्षणी मारण्याची चैन बलवानाला परवडते. म्हणजे क्षणावर मोजणारा कायदा सर्वांना सारखा दिसतो, पण सर्वांना सारखा लागत नाही.

किरणजीतच्या पाठीशी 'साउथॉल ब्लॅक सिस्टर्स' ही संघटना उभी राहिली. जुलै १९९२ मध्ये अपील कोर्टाने तिची शिक्षा रद्द करून फेरसुनावणी ठरवली. मात्र प्रक्षोभाचा मुद्दा तेथे टिकला नाही. विलंब झाला म्हणून बचाव आपोआप बुडत नाही, इतकेच न्यायमूर्तींनी मान्य केले. दार उघडले ते नैराश्याच्या वैद्यकीय पुराव्याने. सप्टेंबर १९९२ मध्ये सदोष मनुष्यवधाची कबुली स्वीकारली गेली आणि शिक्षा झाली तीन वर्षे चार महिने. म्हणजे तिने भोगली होती नेमकी तेवढी. ती त्याच दिवशी सुटली.

ह्या शिक्षेचा अर्थ नीट लक्षात घ्यावा. कोर्टाने दया दाखवली खरी, पण तिला मनाने आजारी ठरवून. तिच्यावर अन्याय झाला होता म्हणून तिचा तोल गेला, असे कोर्ट म्हणाले नाही. बाई सुटली, तिचे म्हणणे मात्र कोर्टातच राहिले.

ते बाहेर यायला आणखी अठरा वर्षे लागली. इंग्लंडने २००९ साली केलेला नवा कायदा ऑक्टोबर २०१० पासून लागू झाला. प्रक्षोभाचा जुना बचाव गेला. तोल अचानकच गेला पाहिजे, ही अट गेली. गंभीर हिंसेची भीती हे कारण मान्य झाले. उलट, केवळ जोडीदाराचा व्यभिचार हे कारण धरू नये, असेही ठरले.

आणि आपल्याकडे? १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता आली. कलमांचे आकडे बदलले. १०१व्या कलमात 'गंभीर व आकस्मिक' हे शब्द तसेच राहिले. नानावटी निकालातच, मृताच्या आधीच्या वर्तनाने आरोपीच्या मनाची जी अवस्था झाली तीही पाहावी, असे म्हटले आहे. मद्रास हायकोर्टाने पुढे दीर्घकाळ साचलेला प्रक्षोभही विचारात घेतला. म्हणजे वाट आहे. पण ती न्यायाधीशाच्या समजुतीवर सोडलेली आहे, कायद्याच्या अक्षरात नाही.

वध हा वधच. त्याचे समर्थन आम्ही करीत नाही. मेलेल्या माणसालाही आईबाप असतात. आमचे म्हणणे एवढेच की, शिक्षा मोजताना घड्याळाबरोबर दिनदर्शिकाही पाहावी. आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे, पहिल्या वर्षीच त्या घराचे दार कुणीतरी ठोठावावे. दहाव्या वर्षी ते ठोठावायला पोलीस येतात.