अवंतीचा खराद आणि त्याची बैठक

उज्जयिनीचा विषय निघाला की कालिदासाचे नाव ओघाने येतेच. मेघदूतातील शिप्रा आणि महाकाल आपल्या घरांत पिढ्यान्‌पिढ्या पाठ आहेत; परंतु रघुवंशाच्या सहाव्या सर्गात याच अवंतीच्या राजाला कवीने दिलेली उपमा एका कारागिराच्या यंत्रावरून घेतलेली आहे, याकडे सहसा लक्ष जात नाही. इंदुमतीच्या स्वयंवरात सुनंदा अवंतिनाथाची ओळख करून देते. रुंद छाती आणि सडपातळ, गोलाईदार कंबर असलेला हा राजा तिला त्वष्ट्याने चक्रावर चढवून प्रयत्नपूर्वक कातलेल्या सूर्यासारखा दिसतो. सूर्याचे तेज संज्ञेला सोसवेना, म्हणून तिच्या पित्याने, विश्वकर्म्याने, सूर्याला खरादावर धरले आणि उतरलेल्या तेजातून विष्णूचे चक्र, शिवाचे त्रिशूळ घडवले, अशी पुराणकथा आहे. रत्ने आणि पुष्पे सोडून कवीने येथे खराद निवडला. कातकाम त्याच्या श्रोत्यांच्या नित्य परिचयाचे असल्यावाचून ही उपमा पोचली नसती.

सूर्यासारखे ओझे पेलणारा हा खराद कशावर उभा होता, असा प्रश्न मनात येतो. पुराणे त्याविषयी मौन बाळगतात. कारागिरांच्या परंपरेत मात्र त्याचे उत्तर आहे: जमिनीवर. आपल्या देशातला जुना खराद म्हणजे समोरासमोर बसवलेले दोन ठोकळे, त्यांत दोन लोखंडी टोके आणि त्या टोकांमध्ये धरलेले लाकूड. लाकडाला दोरीचा वेढा देऊन कमानीने, किंवा जोडीदाराकरवी दोरी आळीपाळीने ओढून, ते फिरवावयाचे. कातारी जमिनीवर बसून, पायाच्या बोटांचाही आधार घेऊन पटाशी स्थिर ठेवी. लाकूड एकदा पुढे, एकदा मागे फिरे आणि हत्यार पुढच्या फेऱ्यातच कापी. वेग बेताचा, ओझे धरणीवर आणि कारागीरही धरणीवर. अशा यंत्राला वेगळ्या घोडीची गरजच नव्हती. इजिप्तमध्ये पेतोसिरिसच्या समाधीतील इ. स. पू. सुमारे ३०० च्या शिल्पचित्रातही एक जण दोरी ओढतो आणि दुसरा हत्यार धरतो. युरोपातल्या काताऱ्याने मात्र लवचीक काठीला दोरी बांधून पायाने पट्टी दाबावयास सुरुवात केली. पाय कामाला लागला तसा माणूस उभा राहिला, माणूस उभा राहिला म्हणून यंत्रही उंच न्यावे लागले, आणि तेथूनच भक्कम बैठकीची चिंता सुरू झाली.

आपले पूर्वज राणोजी शिंद्यांच्या काळापासून माळव्यात येऊन स्थिरावले. १८१० मध्ये दौलतराव शिंद्यांनी दरबार ग्वाल्हेरास नेला, तरी कित्येक घरे शिप्रेकाठीच राहिली. या घरांतील पाळण्याचे दांडे, पलंगाचे खूर, माडीच्या कठड्याचे कातीव गज, देव्हाऱ्याचे चिमुकले खांब, रवी, लाटणे हे सारे खरादावरून उतरलेले. शिंद्यांच्याच राज्यातील श्योपूर लाखेने रंगविलेल्या पलंगाच्या पायांसाठी नावाजलेले होते. तिकडे कोकणात सावंतवाडीची लाकडी खेळणी आणि इकडे नर्मदाकाठी बुधनीची खेळणी याच विद्येची अपत्ये होत.

बैठकीचे मर्म समजून घेण्यासाठी आपल्याला गावाबाहेर जाण्याचे कारण नाही. माळव्याचा सुभेदार असलेल्या सवाई जयसिंगाने अठराव्या शतकाच्या पूर्वार्धात येथे वेधशाळा उभारली. ती दगडचुन्याची का बांधली, याचे कारण त्याने आपल्या ग्रंथाच्या प्रस्तावनेत दिले आहे. पितळी यंत्रे लहान असतात, त्यांचे अक्ष झिजतात व हलतात, वर्तुळांची केंद्रे सरकतात आणि वेध चुकतात, अशी त्याची तक्रार होती. १९२३ मध्ये माधवराव शिंद्यांच्या कारकिर्दीत तिचा जीर्णोद्धार झाला. अक्ष आणि केंद्र अढळ राहिले पाहिजे, ही जयसिंगाची अट खरादालाही जशीच्या तशी लागू पडते.

विजेच्या खरादाने तर ही अट अधिकच कडक केली. समजा, चार किलो वजनाचा ओबडधोबड ओंडका चढवला आणि त्याचा गुरुत्वमध्य अक्षापासून केवळ ५ मिलिमीटर दूर आहे. मिनिटाला ६०० फेऱ्यांवर तो सुमारे ८ किलो भाराइतका हिसका देतो. वेग दुप्पट केला की हिसका चौपट, म्हणजे सुमारे ३२ किलो होतो, आणि त्याची दिशा सेकंदाला वीस वेळा पूर्ण फिरते. हलक्या मेजावर ठेवलेले यंत्र अशा वेळी थरथरते, क्वचित चालूही लागते.

म्हणून अलीकडे जे हौशी बांधव घरी लहान खराद आणतात, त्यांनी बैठकीचा विचार यंत्राइतकाच करावा. सागवान ऋतुमानाने कमी हलते, बाभूळ जड आणि चिवट असते; लोखंडी अँगलही चालतात, पण पोकळ नळ्यांची हलकी घोडी टाळावी. फिरत्या अक्षाची उंची उभ्या माणसाच्या कोपराशी यावी. पाय खाली फाकलेले असावेत, आडवे दांडे कूस आणि खाच करून बसवावेत आणि सांधे बोल्टाने आवळण्याजोगे ठेवावेत. पावसाळ्यात फुगलेले लाकूड उन्हाळ्यात आकसते, तेव्हा ते पुन्हा आवळता येतात. जोडताना प्रथम सारे बोल्ट सैल ठेवून दोन्ही कर्ण समान आहेत ना ते मापावे, मगच आवळावे. खालच्या फळीवर पेटी करून तीत वाळू भरली की वजन वाढते आणि कंपही शोषला जातो.

शेवटची गोष्ट आपल्या मातीची. माळव्याची काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते आणि वरची फरशी हळूहळू कलते. म्हणून घोडी ठेवल्यावर पाणसळ लावावी, अधांतरी राहिलेल्या पायाखाली पाचर द्यावी आणि पावसाळ्यानंतर पुन्हा तपासावे. वाकड्या पाटावर यंत्र जबरदस्तीने आवळले तर त्याची बैठकच पिळवटते आणि दोन टोके समोरासमोर राहत नाहीत.

हा सारा खटाटोप कशासाठी, असे कोणी विचारील. जुने वाडे उतरवले जात आहेत आणि कठड्याचा एक गज तुटला म्हणून सगळा कठडा सरपणात जातो आहे. तुटक्या गजाशी जुळणारा दुसरा गज कातणारा हात आपल्यात असेल, तर बाकीचे वीस वाचतात. एखाद्या घरी पणजीचा पाळणा माळ्यावर पडून असेल, तर त्याच्या दांड्याचा घाट आजच कागदावर उतरवून ठेवावा. तो पुन्हा कातावयाचा झाल्यास नमुना हाताशी राहील.