पेटीचं कुळ

मुरबाड-शहापूरकडच्या गावांत सप्ताह बसला की भजनाच्या आधी एक छोटं बोलणं होतं. पेटीवाला विचारतो, "बुवा, पट्टी कुठली?" बुवा सांगतात, "काळी दोन." भाता मोकळा होतो, सूर धरला जातो, पखवाजवाला हातोडीनं गठ्ठे ठोकत त्या सुराला येतो आणि मग टाळ उचलले जातात. हे इतकं अंगवळणी पडलंय की पेटी संतांच्या काळापासून देवळातच होती असं वाटावं. पण तुकोबांच्या हयातीत पेटी जगात कुठेच नव्हती. वारकऱ्यांची जुनी वाद्यं म्हणजे वीणा, टाळ आणि मृदंग. वाटचालीत आजही तीच खरी. पेटी पाहुणी म्हणून आली आणि घरची झाली.

तिचं कुळ शोधायचं तर झाकण उघडून आत बघावं. पितळेच्या पट्टीत लांबट खाच आणि खाचेवर एका टोकाला पक्की केलेली पातळ जीभ, तिलाच आपण 'सूर' म्हणतो. हवा सुटली की ही जीभ खाचेच्या कडांना न शिवता आतबाहेर थरथरते. अशी मोकळी जीभ हजारो वर्षांपूर्वी चीनमधल्या 'शेंग' या वाद्यात होती. शेंग म्हणजे भोपळ्यात रोवलेल्या बांबूच्या नळ्यांचा जुडगा. कन्फ्यूशियसच्या देवळांतल्या विधिसंगीतात तिला मानाची जागा होती. जोसेफ आमियो नावाच्या जेझुइट पाद्र्यानं १७७७ साली बीजिंगहून पॅरिसला शेंग पाठवल्या. त्याच सुमारास, १७८० मध्ये, कोपनहेगनच्या क्रात्झेनश्टाइननं अशाच जिभा बसवून माणसासारखे स्वर उच्चारणारं यंत्र केलं. १८१० मध्ये पॅरिसमध्ये ग्रेनिए यानं त्या तत्त्वावर ऑर्गन बनवला आणि १८४० नंतरच्या दोन-तीन वर्षांत आलेक्सांद्र दबँनं सुधारलेल्या वाद्याचं पेटंट घेऊन त्याला 'हार्मोनियम' हे नाव दिलं.

मोठा पाइप ऑर्गन कॅथेड्रलला शोभे. खेड्यातल्या चर्चला तो परवडत नसे. हार्मोनियम स्वस्त आणि सुटसुटीत, म्हणून उपासनेच्या गाण्यांना तीच चालू लागली आणि मिशनऱ्यांच्या सामानातून ती हिंदुस्थानात उतरली. वाजवणारा खुर्चीवर, दोन्ही पाय भात्याच्या पायट्यांवर, दोन्ही हात पट्ट्यांवर.

पुढे कोलकात्यात जे घडलं ते मला या सगळ्या कुळकथेतलं सर्वांत मोलाचं वाटतं. द्वारकानाथ घोष यांची वाद्यांची पेढी १८७५ सालची. त्यांनी पाय काढले, भाता मागे आणला, तो हातानं चालेलसा केला आणि पेटी जमिनीवर ठेवली. एक हात भात्याला गेल्यामुळे पट्ट्यांना एकच उरला. म्हणजे ज्या स्वरमेळामुळे तिला हार्मोनियम हे नाव मिळालं, तोच निम्मा गेला! आपलं काही अडलं नाही, कारण आपलं गाणं एका सुरावलीचं. उलट वाजवणारा मांडी घालून पखवाजवाल्याच्या शेजारी, बुवांच्या नजरेसमोर आला. खुर्ची सुटली नसती तर ती आपल्या भजनात बसली असती असं मला वाटत नाही. इथं तिच्या सुरांना नावंही आपली मिळाली: खर्ज, नर, मादी.

महाराष्ट्रात तिची गोडी पसरली ती संगीत नाटकांनी. गोविंदराव टेंब्यांसारख्या वादकांनी तिला स्वतःचा मान दिला. विरोधही तेवढाच झाला. तिचे स्वर ठाम, मींड निघत नाही, श्रुती सापडत नाहीत, या कारणांवरून आकाशवाणीनं १९४० ते १९७१ तिला दार बंद ठेवलं. आक्षेप खोटा नाही. कसलेल्या गळ्यामागे पेटी तोकडी पडते. पण दिवसभर लावणी करून आलेल्या शंभर जणांना एका सुरात धरून ठेवायचं असेल तेव्हा तो ठामपणाच कामाला येतो.

धर्माधर्मांत तिची वागणूक बघण्यासारखी आहे. मशिदीत तिला जागा नाही, तिथं फक्त गळा. पण दर्ग्याच्या उरुसात कव्वाली तिच्याशिवाय उभी राहत नाही. बुद्धविहारात त्रिशरण-पंचशील बिनवाद्याचं म्हटलं जातं आणि बाहेर १४ एप्रिलच्या मांडवात भीमगीतांना पेटी लागते. जैनांच्या स्नात्रपूजेत ती असते. शहापूरच्या मानस मंदिरात येणारे भाविक ज्या पालिताण्याला यात्रेला जातात, तेच पालिताणा पेटीच्या सुरांसाठीही नावाजलेलं. शिखांच्या कीर्तनात ती इतकी मुरली की २०२२ साली अकाल तख्ताच्या जथेदारांना सांगावं लागलं, हरमंदिर साहिबमधून तीन वर्षांत ती टप्प्याटप्प्यानं काढा आणि जुनी तंतुवाद्यं परत आणा.

आपल्या पाड्यांवर मात्र तिची गरज कधी पडली नाही. वारल्यांचा तारपा म्हणजे वाळवलेला भोपळा, बांबूच्या दोन नळ्या, जोडाला मधमाश्यांचं मेण आणि टोकाला ताडाच्या पानांचा कर्णा. त्याची जिभळी बांबूचीच, पण ती कडेवर आपटून वाजते; शेंगेसारखी मोकळी नाही. म्हणून तो पेटीचा सख्खा म्हणता येणार नाही. तरी भोपळा आणि बांबू तोच. पेटीची आजी ज्या वस्तूंतून घडली, त्या इथं वेलावर आणि बेटात आधीपासून होत्या.

भात घरात येण्याच्या दिवसांत तारप्याचा हंगाम असतो आणि देवळातला काकडाही त्याच दिवसांतला, कोजागरीपासून कार्तिकी पौर्णिमेपर्यंत. पाड्यावर रात्री उशिरापर्यंत तारपा घुमतो, नाचणारे त्याच्याभोवती फिरत राहतात. तो थांबतो न थांबतो तोच गावात कुणीतरी थंडीनं आखडलेली बोटं चोळत पेटीवरचं फडकं काढतं आणि भाता सोडतं.