राणीच्या बागेमागचे नाना

पाचवीची राणीच्या बागेतली सहल आठवते? म्युझियमशेजारच्या घारापुरीच्या दगडी हत्तीजवळ आपण रांगेत उभे होतो. नंतर दहावीत संस्कृतच्या बाईंनी ‘जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्ती’चा जप लावला. एसएससीला संस्कृतात सर्वाधिक गुण मिळवणाऱ्याची ती शिष्यवृत्ती आपल्या वर्गात कुणालाच मिळाली नाही. शंकरशेट कोण, हे मी विचारलेही नाही. बाग, म्युझियम आणि ती शिष्यवृत्ती यांचा एकमेकांशी संबंध आहे, हे मला चाळिशीत कळले.

जगन्नाथ ऊर्फ नाना शंकरशेट (१८०३–१८६५) मूळचे मुरबाडचे, मुंबईतले मोठे व्यापारी. मुंबईत रेल्वे यावी म्हणून त्यांनी १८४५ पासून खटपट केली. १६ एप्रिल १८५३ ला बोरीबंदरहून ठाण्याला पहिली गाडी सुटली, ती ज्या कंपनीची होती तिच्या संचालकांत ते होते.

त्या काळी श्रीमंतांनी देवळे, धर्मशाळा बांधणे नवीन नव्हते. नानांनीही दानधर्म केला; पण त्यांचा खरा वेळ गेला तो समित्यांमध्ये. शिक्षण मंडळात इंग्रजी माध्यमाचा आग्रह सुरू झाला, तेव्हा त्यांनी मातृभाषेतल्या शिक्षणाची बाजू लढवली. मराठी माध्यमात शिकलेल्या आपण सर्वांनी हे लक्षात ठेवावे. १८४८ साली स्थापन झालेल्या स्टुडंट्स लिटररी अँड सायंटिफिक सोसायटीने मुलींच्या शाळा काढल्या, तेव्हा नानांनी गिरगावातल्या आपल्या वाड्यात जागा दिली. मुलींनी शिकावे की नाही यावरच वाद होते, त्या काळातली ही गोष्ट.

बागेची कथाही अशीच. शिवडीला अॅग्री-हॉर्टिकल्चरल सोसायटीची वनस्पतींची बाग होती. ती जागा दफनभूमीसाठी गेली आणि भायखळ्याला नवी बाग उभी राहिली. १९ नोव्हेंबर १८६२ ला लेडी फ्रिअर यांच्या हस्ते ती खुली झाली. सोसायटीच्या कामात नानांचा पुढाकार होता. शेजारच्या म्युझियमच्या समितीचेही ते अध्यक्ष होते, डॉ. भाऊ दाजी आणि जॉर्ज बर्डवुड त्यांचे सहकारी. लोकवर्गणीतून काम सुरू झाले. पण १८६५ मध्ये शेअरबाजार कोसळला, वर्गणी आटली, बांधकाम रखडले. त्याच वर्षी ३१ जुलैला नाना गेले.

एकट्याच्या पैशावर उभे असते, तर ते काम तिथेच संपले असते. मात्र मागे समिती होती, लोकांचा पैसा अडकला होता. सरकारला इमारत पूर्ण करावी लागली. २ मे १८७२ ला म्युझियम उघडले. सोसायटी बंद पडल्यावर बाग पालिकेकडे गेली, म्हणूनच शंभराहून अधिक वर्षांनी आपल्याला तिथे डबा खाता आला. बागेला तेव्हा व्हिक्टोरियाचे नाव होते, आज जिजाबाईंचे आहे. म्युझियमला भाऊ दाजींचे. नानांचे नाव दोन्हीवर नाही.

आपल्या बॅचची वर्गणी जमली आहे आणि शाळेला काय द्यायचे यावर अजून एकमत नाही. नाव कोरलेली बाके, की कपाट? माझे मत सांगते: ग्रंथालयासाठी कायमचा निधी ठेवू. व्याजातून दरवर्षी पुस्तके घ्यावीत आणि त्याची समिती शिक्षक व पुढच्या बॅचेसच्या हाती असावी. आपली नावे नसली तरी चालतील. आपल्यातले कुणी नसतानाही पुस्तके येत राहिली पाहिजेत.